दालचिनीतला पत्ता

शहरकी साहेबांना तूरान खालाच्या घरी चहाला बोलावलं ते मी. खालाला विचारलं नव्हतं, आणि साहेब कोण आहेत हेही मला माहीत नव्हतं.

आता आमच्याकडे बोलावणं म्हणजे काही खरोखरचं बोलावणं नसतं. टॅक्सीवाला पैसे घेताना "राहू द्या हो" म्हणतो, आणि तुम्ही खरंच राहू दिलेत तर गल्लीच्या टोकापर्यंत मागे येतो. दारावरून जाणाऱ्याला "या ना, जेवूनच जा" म्हणायचं, त्याने छातीवर हात ठेवून "तुमची सावली कमी न होवो" म्हणायचं आणि चालू लागायचं. आत काही शिजलेलं नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. याला आम्ही तारुफ म्हणतो. यावर अख्खा इराण चालतो आणि सहसा कुणाचं काही बिघडत नाही.

माझं एक कॉफीनेट होतं, बाजाराच्या मागच्या गल्लीत. तिथे कॉफी मिळत नसे आणि नेटही जेमतेमच मिळे, पण प्रिंटर चांगला होता. करड्या सुटातले एक गृहस्थ काही कागद छापायला आले. शेजारच्या पडद्यावर खालाचा ब्लॉग उघडा होता. त्यांनी उभ्याउभ्या दोन परिच्छेद वाचले आणि चक्क हसले.

"छान लिहितात. कोण हे?"

माझी छाती फुगली. तो ब्लॉग मी बांधून दिला होता. "आमच्याच तूरान खाला! मागच्याच गल्लीत राहतात. या ना कधी चहाला, घर तुमचंच आहे."

इथे त्यांनी सावलीचं वाक्य म्हणून निघायला हवं होतं. ते म्हणाले, "दार कोणतं?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. त्याला उत्तर काय द्यायचं हे शाळेत शिकवलेलं नाही, घरीही नाही. तोंडातून निघून गेलं, "निळं."

तूरान खाला माझी सख्खी मावशी नव्हे. ती गल्लीत सगळ्यांचीच खाला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी शिराजला दिलेली, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरने सांगितलं, जमिनीवर चालू नका, पाण्यात चाला. म्हणून पन्नाशी उलटल्यावर ती नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात उतरली. शनिवार, सोमवार, बुधवार सकाळी तिथे बायकांची वेळ असे. आधी कठड्याला धरून चालली, मग हात सोडला, आणि वर्षभरात पोहायला लागली. सांगताना ती चमचा वल्ह्यासारखा फिरवायची. "अर्दलान जान, पाण्यात मला वजनच नसतं रे. वर आले की परत सगळी तूरान माझ्याच अंगावर."

मग एका शनिवारी तलावाच्या दारावर पाटी लागली: दुरुस्तीमुळे बंद. सोमवारी तीच पाटी, बुधवारीही तीच. मधल्या मंगळवारी मात्र पुरुष टॉवेल खांद्यावर टाकून आत जाताना दिसले. तलाव आठवड्यातून नेमका तीनदा बिघडत होता. नगरपालिकेत विचारायला गेली तर कारकून म्हणाला, "खानम, पाइपलाइनचं काम आहे, तुम्हाला कळणार नाही." ती तिथून तडक माझ्या दुकानात आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ते ब्लॉग का काय म्हणतात, ते मला करून दे. मला काय काय कळतं ते जरा लिहून काढते."

ब्लॉगचं नाव ठेवलं 'हौद'. बोलायची तसंच लिहायची. कारकुनावर एक, पाटीवर एक, आणि ज्या बायका तीन वर्षं एकमेकींच्या शेजारी पोहल्या आणि आता रस्त्यात भेटल्या तर डोक्यापासून पायापर्यंतच्या काळ्या चादरीत ओळखू येत नाहीत, त्यांच्यावर एक. ते शेवटचं वाचून माझ्या दुकानात मुली रांग लावायला लागल्या. मला वाटलं, धंदा बसला! म्हणजे मांडी घालून बसला.

गुरुवारी संध्याकाळी शहरकी साहेब निळ्या दाराशी हजर. हातात मिठाईचा डबा. खालाला वाटलं, एखाद्या भाचीला मागणी घालायला कुणी आलंय. तिने चांगले पेले काढले, चहा केला, पिस्ते घातलेली गज नावाची मिठाई पुढे ठेवली. साहेबांनी लिखाणाची तोंडभरून स्तुती केली, दुसरा पेला घेतला, आणि मग हळूच म्हणाले की ते माहिती खात्याच्या, म्हणजे लोकांवर पाळत ठेवणाऱ्या खात्याच्या, इथल्या कचेरीत असतात.

"अस्सं," खाला म्हणाली.

"खानम, तुमच्या हातात कला आहे. ती तलावात कशाला बुडवता? दुसरे विषय आहेत. स्वयंपाक आहे, मुरंबे आहेत. मुरंब्यावर लिहा ना."

"मुरंब्यावर?"

"लोकांना आवडतं."

"लिहीन की," खाला म्हणाली. "अजून एक गज घ्या."

शनिवारी सकाळी 'हौद' उघडायला गेलो तर पांढरं पान आलं. वर लिहिलेलं: सन्माननीय ग्राहक, या ठिकाणी प्रवेश शक्य नाही. खालाने ते नाकावर चष्मा चढवून दोनदा वाचलं.

"सन्माननीय म्हणतो आणि तोंडावर दार आपटतो! आणि ग्राहक कसली मी? मी तर दुकानदार आहे, दुकान माझं होतं ना?" मग माझ्याकडे वळली. "तू बोलावलेला पाहुणा. माझा चहा पिऊन गेला, आणि जाताना माझं दारच काढून घेऊन गेला."

"खाला, मी नुसतं तारुफ..."

"ठाऊक आहे. माझा चहा गेला त्याचं काही नाही. पण लक्षात ठेव, मला न विचारता तू माझ्या घरी एक पाहुणा पाठवलास. एक दिवस तुला न विचारता मी तुझ्याकडे एक पाठवीन. त्याला चहा द्यायचा, आणि हसून द्यायचा. एक चहा तुझ्या नावावर."

मी कबूल झालो. त्या वेळी चहा स्वस्त वाटला होता.

पहिला उपाय म्हणजे फिल्टरफोड्या. फिल्टरला चकवून बंद पानं उघडून देणारा प्रोग्राम, तेव्हा सीडीवर मिळायचा. प्रत्येक फोड्याचं तेरड्याच्या रंगासारखं, तीन दिवस. मग तोही बंद, की नवा शोधा. आमच्या गावात रोटीच्या रांगेत बायका एकमेकींना कांदे मागावेत तशा विचारायच्या, "बहिणी, तुझ्याकडे चालू फोड्या आहे का गं?" "होता कालपर्यंत. जावयाकडून नवा आला की देते." भट्टीवाला वैतागायचा. एकदा तो ओरडला, "आधी रोटी घ्या, मग इन्कलाब करा!"

पण खालाच्या निम्म्या वाचकांना फोड्या जमेना. तेव्हा तिने सरळ नव्या पत्त्यावर नवा ब्लॉग काढायला लावला, आणि साहेबांचा सल्ला शब्दशः पाळला. मुरंब्यावर लिहिलं. "यंदा बिहीच्या फळांच्या मुरंब्याला शनिवार, सोमवार, बुधवार पातेलं मिळत नाही. पातेलं दुरुस्तीला आहे म्हणतात. मंगळवारी त्याच पातेल्यात सफरचंदं मजेत उकळताना दिसतात. सफरचंदांशी माझं भांडण नाही. पण बिहीला शिजायला जास्त वेळ लागतो, तिचे सांधे कडक असतात, हे पातेल्याच्या मालकाला कुणीतरी सांगावं."

मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो. पंधरवड्याच्या आत तो मुरंबाही सन्माननीय ग्राहकाने खाल्ला.

मुद्दा असा होता की नवा पत्ता काढणं सोपं होतं. मला पाच मिनिटं लागत. पण तो वाचणाऱ्यांपर्यंत पोचवायचा कसा? भिंतीवर चिकटवला तर सकाळपर्यंत खरवडलेला. फोनवर सांगायचा तर ऐकणारं कोण बसलंय, काय सांगावं. खाला दोन दिवस घुम्यासारखी बसली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "केशर आण."

दरवर्षी ती नवसाचं शोले-जर्द करायची. केशर, गुलाबपाणी घातलेली तांदळाची घट्ट पिवळी खीर, वाट्यांत ओतायची, वर दालचिनीच्या पुडीने पवित्र नाव लिहायचं आणि गल्लोगल्ली वाटायची. नाव लिहायचं काम शेजारच्या एस्मत खानमचं. चिमटीतून दालचिनी अशी सोडायची की छापखान्याने लाजावं. त्या दिवशी वाट्या मांडल्या, एस्मत खानमने नावं लिहिली, आणि खाला म्हणाली, "आता खालच्या बाजूला हे लिही." आणि माझ्या हातातला नवा पत्ता पुढे केला.

एस्मत खानमची चिमूट हवेतच राहिली. "देवाच्या नावाखाली इंटरनेट? तूरान, पाप लागेल गं!"

"नवस कशाचा आहे माझा?"

"गुडघ्यांचा."

"गुडघे कशाने बरे होतात?"

"पाण्याने, म्हणतो ना तो डॉक्टर."

"पाणी कुणी अडवलंय?"

एस्मत खानमची चिमूट पुन्हा दालचिनीच्या वाटीत गेली.

"मग पत्ता नवसातच आला की नाही? लिही. आणि इंग्रजी आहे, डावीकडून सुरू कर."

तरी फारसीच्या सवयीने तिने पहिल्या चार वाट्या उजवीकडूनच लिहिल्या. त्या मी आणि खालाने बसून संपवल्या. बाकीच्या मी सायकलवरून पोचवल्या. नवसाची वाटी कुणी नाकारत नाही, दारात कितीही घाई असो. घेणारी म्हणते, "नवस कबूल होवो, हात दुखू नयेत तुमचे," आणि आत जाते. आणि आमच्याकडे वाटी रिकामी परत जात नाही. मूठभर खडीसाखर, चार बदाम, अंगणातलं गुलाब, काहीतरी घालूनच धाडायची असते. त्या वेळी वाट्या परत आल्या तेव्हा खडीसाखरेखाली चिठ्ठ्या निघाल्या. "पत्ता चालतो." "माझ्या सुनेने वाचून दाखवलं, पुढचं कधी?" "माझी कंबर पण लिहा." ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता त्यांच्या प्रतिक्रिया अशा वाटीतून यायच्या, आणि खाला त्या एकेका बोटाने ब्लॉगखाली उतरवायची.

पत्ता बंद पडला की पुन्हा खीर. त्या वर्षी तूरान खालाने इतके नवस बोलले की वाण्याने मला बाजूला घेऊन विचारलं, बाईंना काही गंभीर आजार तर नाही ना?

अखेर शहरकी साहेब पुन्हा दुकानात आले. या वेळी छापायला काही नव्हतं. स्टुलावर बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"अर्दलान आका, मी वाईट माणूस नाही."

"देव न करो," मी म्हणालो. तारुफ सुटत नाही.

"पण माझ्यावरही माणसं आहेत. तुमच्या खालाला सांगा, तिने आपल्या हाताने ते बंद करावं. वर दोन ओळी लिहाव्यात, की गैरसमज झाला होता, तलावाची दुरुस्ती खरीच आहे. तिने तिचं दार लावलं की तुमचं दार उघडं राहील. शनिवारपर्यंत."

दुकान कर्जाचं होतं, आणि सील लागलेलं दुकान पुन्हा उघडताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. तसाच खालाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर गयावया केली. म्हटलं, खाला, दोनच ओळी आहेत. लिहून टाक, पुढे बघू.

ती खीर ढवळत होती. ढवळणं थांबवलं नाही.

"एखादी शिवी लिहायला सांगितली असती तर लिहिली असती," ती म्हणाली. "पण दुरुस्ती खरी आहे असं मी लिहायचं? माझ्या नावाने? उद्या त्या सगळ्या बायका म्हणतील, तूराननेच सांगितलंय, पाइप फुटलाय. मग पाटीची गरजच नाही. पाटी मीच होईन."

"आणि माझं दुकान?"

आता ती थांबली. "तुझं दुकान जाईल, पोरा. मी खोटं बोलत नाही. तू नको म्हणालास तर तुझ्याकडून एक अक्षर टाकून घेणार नाही, दुसऱ्या गावात जाऊन टाकीन. तू सांग."

मी दाराकडे बघितलं. निळं दार. याचा रंग मीच सांगितला होता. "डावीकडून लिहायचं ना?" मी म्हणालो.

तिने कपाटातला सगळ्यात मोठा कटोरा काढला, काठोकाठ भरला, आणि एस्मत खानमने त्यावर जन्मात लिहिलं नसेल इतकं सुबक लिहिलं. वर नाव, खाली पत्ता, भोवती पिस्त्याची वेलबुट्टी.

"हे शहरकींच्या घरी."

"खाला, डोकं फिरलंय का तुझं?"

"शेजारपाजारच्यांना द्यायचं आणि त्याला नाही? माझ्या घरी चहा पिऊन गेलाय तो. नातं आहे आमचं."

साहेबांनी दार उघडलं तेव्हा ते घरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात होते. कटोऱ्यावरचं कापड काढलं. वरचं वाचलं, ओठ हलले. मग खालचं वाचलं. ओठ थांबले. मी जमिनीकडे बघत होतो. मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "कोण आहे हो?"

"नवसाचं," साहेब म्हणाले.

"मग घ्या ना, दारात काय धरून उभे!"

त्यांनी घेतला. माझ्याकडे असं बघितलं की खीर तिथल्या तिथे गोठावी. आणि तरीही, काय करणार, त्यांच्या तोंडून निघालंच, "नवस कबूल होवो."

"कबूल होवो," मी म्हणालो आणि सायकल मारली.

शनिवारी माझ्या दुकानाला सील लागलं. लाखेचा ठिपका, दोन सह्या. लावणाऱ्याने "तुमची अडचण करायची नव्हती" म्हटलं, मी "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता" म्हटलं. नियमच आहे.

दुसऱ्या दिवशी मी खालाच्या अंगणात तोंड पाडून बसलो होतो तेव्हा निळ्या दारावर थाप पडली. चादरीतली एक बाई, हातात तो मोठा कटोरा. खडीसाखरेने भरलेला, आणि खडीसाखरेवर ठेवलेली पोहण्याची टोपी. पांढरी, कानावर लाल पट्टा.

खाला आधी टोपीकडे बघत राहिली, मग बाईकडे. "तिसऱ्या रांगेतली? पाठीवर पोहणारी?"

"मीच. मनीजे. शहरकींच्या घरची."

"अगं बाई! तीन वर्षं तू माझ्या डोक्यावर आपटत होतीस!"

"तुम्ही मध्येच उभ्या राहायचात ना, खानम!"

दोघी हसायला लागल्या. टोपी घातली की कोण कुणाची बायको ते कुठे कळतं. चहा झाला, आणि मनीजे खानम म्हणाली, "माझंही लिहा. नाव घालून. मला दम्याचा त्रास आहे, तलावाने कमी झाला होता, आता परत सुरू झालाय."

मला राहवलं नाही. "आणि साहेब?"

"त्यांना सांगितलंय, घरात या विषयावर बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर मुरंब्यावर बोला." ती खालाकडे वळली. "फक्त लिहून काय होणार, खानम? इतके दिवस दुरुस्ती चाललीय. त्या बिचाऱ्या कामगारांना कुणी जेवायला तरी घातलं का?"

खालाच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी आधी एकदाच पाहिली होती, केशर आणायला सांगितलं तेव्हा.

माझं दुकान बंद, म्हणून ते आमंत्रण शेजारच्या गावातून ब्लॉगवर गेलं, बंद झालं, दुसऱ्या पत्त्यावर गेलं, वाट्यांवरून गेलं. सोमवारी सकाळी तलावाच्या फाटकाशी बायका जमल्या. किती होत्या ते मोजलं नाही, पण रस्ता भरला होता. प्रत्येकीच्या हातात काहीतरी. कुणाकडे आशचं, म्हणजे घट्ट भाजीच्या सूपाचं, पातेलं, कुणाकडे रोट्या, कुणाकडे पुलाव. आणि प्रत्येकीच्या काखेत टॉवेल गुंडाळलेला. मी सगळ्यात जड पातेलं धरून मागे उभा होतो. दुकान नसलेल्या माणसाला हीच कामं मिळतात.

फाटकावरचा राखणदार पुढे आला. "खानम, दुरुस्ती चालू आहे, आत जाता येत नाही."

"आम्हाला कुठे जायचंय? कामगारांना बोलवा. नवसाचं जेवण आणलंय."

"कामगार..." राखणदाराने मागे बघितलं.

"नवसाचं आहे, मशदी. परत नेतात का?"

"पण आत कुणी..." तो बोलता बोलता थांबला. आत कुणी नाही म्हणावं तर दुरुस्ती खोटी. आहेत म्हणावं तर बोलवावं लागतं. आणि नवसाचं अन्न परत पाठवावं तर वर जाऊन काय उत्तर द्यायचं? बिचाऱ्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"थकले असतील, झोपले असतील," खाला म्हणाली. "मीच देते नेऊन." आणि वाकड्या गुडघ्यांनी, पातेलं कमरेवर घेऊन, ती त्याच्या शेजारून आत गेली. तिच्या मागून मनीजे खानम. राखणदाराने साहेबांच्या बायकोला ओळखलं आणि बाजूला सरला.

त्या दिवशीच्या लेखात एकच फोटो होता, खालाने काढलेला, थोडा तिरका. निळं पाणी, तळाच्या फरश्या स्पष्ट दिसणाऱ्या, आणि काठावर कामगाराची चप्पलसुद्धा नाही. खाली एक ओळ: "जेवण आणलं होतं, जेवणारे सापडले नाहीत. सापडले तर कळवा, गरम करून देऊ." तो लेख इतक्या वेगाने फिरला की तो बंद व्हायच्या आधी शिराजहून तिच्या मुलीचा फोन आला.

पुढच्या महिन्यात सोमवारची पाटी निघाली. नुसत्या सोमवारची. नगरपालिकेने जाहीर केलं की दुरुस्तीचा एक भाग पूर्ण झाला. सगळे खालाचं अभिनंदन करायला आले, तर तिने त्यांच्यापुढे दोन बोटं धरली. "शनिवार, बुधवार. साखर नंतर वाटा." आणि त्याच संध्याकाळी नवा लेख टाकला. दर सोमवारी ती पोहून येते, ओल्या केसांनी बसते आणि लिहिते. पत्ते किती झाले याचा हिशेब मीही सोडून दिलाय. गल्लीत आता दालचिनीचा वास आला की पोरं ओरडतात, "तूरान खालाचं पान बंद पडलं!"

माझं सील उन्हाळ्यात निघालं. कुणी काढायला लावलं ते कळलं नाही, काढणाऱ्यानेही सांगितलं नाही. मी प्रिंटर पुसला, स्टुलं मांडली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून खालाच आली. सगळीकडे नजर फिरवली, कोपऱ्यातल्या शेगडीपाशी जाऊन किटली हलवून बघितली.

"रिकामी आहे."

"आजच उघडलंय, खाला."

"पाहुणा आला तर?"

"कोण पाठवणार आहेस?"

"तू मला सांगितलं होतंस का, कोण येणार ते?" ती निघाली. दारात वळून म्हणाली, "आणि हसून द्यायचा."

तेव्हापासून किटली भरलेली असते. करड्या सुटातला कुणी दारात थबकला की मी आधी शेगडी पेटवतो, मग तोंडभर हसतो, आणि तो बहुतेक वेळा शेजारच्या चप्पलवाल्याचा पत्ता विचारून निघून जातो. चहा अजून बाकीच आहे.